कार्ब्युरेटरचा कैवार

घरांत कांहीं बिघडलें कीं दोष कोणा एकाच्या माथीं मारून मोकळें व्हावें, ही मनुष्यस्वभावाची जुनीच खोड आहे. दूध नासलें तर गवळ्याचा दोष, पोरगा नापास झाला तर मास्तरांचा, आणि जुनी मोटार रस्त्यांत थांबली तर कार्ब्युरेटरचा! पहिल्या दोघांना निदान तोंड तरी आहे. ते आपली बाजू मांडतील. कार्ब्युरेटर बिचारा मुका. म्हणून त्याचें वकीलपत्र आज आम्ही घेत आहों. विषय दिसावयास रुक्ष आहे खरा. परंतु ज्यांनीं एके काळीं रॉकेलचा स्टोव्ह पेटविला आहे, त्या आमच्या वाचकभगिनींना तो पुरुष वाचकांहूनही लवकर उमगेल, अशी आमची खात्री आहे.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळ कुळ इटलीच्या फियाट ११०० चें. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यांतला. पद्मिनी हें नांव तिला १९७४ सालीं मिळालें. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें इंजिन, आणि त्याच्या माथ्यावर सोलेक्स जातीचा कार्ब्युरेटर. मुंबईच्या काळ्या-पिंवळ्या टॅक्सींमुळें ही गाडी महाराष्ट्रांत कोणास अपरिचित नाहीं. त्या टॅक्सींपैकीं अगदीं शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्यें वयोमर्यादेमुळें रस्त्यावरून उतरली. आमची मात्र खासगी, तीर्थरूपांनीं १९८० सालीं घेतलेली. त्या काळीं मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि गाडी दारीं आली म्हणजे तिला नव्या सुनेप्रमाणें ओंवाळून घेत.

खासगी गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे पुढें दर पांच वर्षांनीं तिची तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्या हिशेबानें आमच्या गाडीची पाळी २०२५ सालीं आली, आणि नेमकी त्याच उन्हाळ्यांत ती आजारी पडली. आमचे चिरंजीव बंगळुरास असतात. त्यांनीं दूरध्वनीवरून निकाल देऊन टाकला, "बाबा, आतां तिला भंगारांत द्या. किती दिवस सांभाळणार?" सल्ला व्यवहाराचा होता. पण आमच्या मातोश्रींचें वय सत्त्याऐंशी. गुडघे वाकत नाहींत. हल्लींच्या उंच गाड्यांत त्यांना चढवत नाहीं आणि ठेंगण्या गाड्यांत बसवत नाहीं. पद्मिनीची पुढची सलग बैठक घरच्या बाकाएवढ्या उंचीची. दार सताड उघडतें. त्या पाठमोऱ्या टेकतात आणि पाय आंत घेतात. वाईस त्यांचें माहेर. तेथें ढोल्या गणपतीच्या दर्शनास वर्षांतून एकदां तरी जावें, एवढाच त्यांचा प्रवास राहिला आहे. म्हणजे गाडी तपासणींत नापास होणें म्हणजे मातोश्रींचें वाईस जाणें थांबणें. चिरंजीवांना हें आम्हीं सांगितलें नाहीं. म्हातारपणाचीं गणितें तरुणांपुढें मांडण्यांत अर्थ नसतो.

आतां दुखणें काय होतें तें सांगतों. सकाळीं चोक ओढला कीं इंजिन सुरू होई. दहा मिनिटें गेलीं, चोक आंत ढकलला, आणि कर्वे रस्त्यावर तांबड्या दिव्यापाशीं गाडी उभी राहिली कीं इंजिन दोन आचके देऊन बंद. रस्ता मोकळा असला आणि गाडी धांवत असली कीं कसलीही तक्रार नाहीं. घराजवळच्या एका गॅरेजांत दाखविली. तेथल्या तरुणानें इंजिनाचें झांकण उघडून अर्ध्या मिनिटांत निदान केलें, "कार्ब्युरेटर गेला." मग हातांत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू फिरविला, खालचे दोन नट ताकदीनें आवळले, आणि जेट तारेनें साफ करून परत बसविला. गाडी घरीं आली ती काळा धूर सोडीत. तांबड्या दिव्यापाशीं बंद पडणें कायमच राहिलें. पेट्रोलाचा खर्च तेवढा वाढला. त्यावर सल्ला मिळाला, "नवा कार्ब्युरेटर टाका." कारखाना बंद पडून दोन तपें उलटलेल्या गाडीला नवा कार्ब्युरेटर कोठून आणावा, याचें उत्तर सल्ल्यांत नव्हतें.

येथें थोडें थांबून या यंत्राचें काम काय, हें पाहूं. पेट्रोल नुसतें जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत नीट मिसळावी लागते. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा लागते. मापानें पाहावें तर एक लिटर पेट्रोल नीट जाळण्यास नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा! एवढी हवा आणि एवढेंसें पेट्रोल, क्षणोक्षणीं बदलणाऱ्या वेगानुसार, कोणत्याही विजेच्या मदतीवांचून हें यंत्र जुळवून देतें. युक्ति साधी आहे. इंजिन हवा ओढतें. ती हवा कंबरेशीं निमुळत्या झालेल्या एका नळींतून जाते. अरुंद जागीं वाऱ्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. दाब घटला कीं शेजारच्या लहानशा वाटींतलें पेट्रोल आपोआप वर खेंचलें जाऊन फवाऱ्यासारखें हवेंत पडतें. वेग वाढला कीं दाब उतरतो, हें तत्त्व बर्नुलीनें १७३८ सालीं मांडलें. निमुळत्या नळीला वेंचुरी या इटालियन पंडिताचें नांव आहे. आणि तरंगत्या फ्लोटवर चालणारा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाखनें १८९३ च्या सुमारास सिद्ध केला. अत्तराचा फवारा दाबतांना हेंच घडत असतें.

वाटींतलें पेट्रोल सदैव एकाच पातळीवर राहावें म्हणून तीत फ्लोट असतो. पातळी वाढली कीं तो उचलला जाऊन सुईनें वाट बंद करतो. घरावरच्या पाण्याच्या टाकींतला गोळा करतो तेंच काम. पेट्रोल किती जावें हें ठरवितो जेट, म्हणजे मधोमध छिद्र असलेला पितळेचा बारीक स्क्रू. सोलेक्सच्या जेटावर आंकडा कोरलेला असतो, आणि तो आंकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशांत. १२० चा जेट म्हणजे १.२० मिलिमीटरचें छिद्र.

आतां स्टोव्ह आठवा. निपलमध्यें कचरा अडकला कीं आमच्या मातोश्री पिन घालून तो काढीत. पण तीच पिन रोज आडवीतिडवी फिरविली कीं निपलचें छिद्र मोठें होई, ज्योत निळीची पिंवळी होई आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरे. मग नवें निपल आणण्यावांचून गति नसे. जेटाचें तसेंच आहे. १.२० चें छिद्र तारेनें घांसून १.२५ झालें तर डोळ्यांना फरक कळणार नाहीं, पण क्षेत्रफळ शेंकडा साडेआठांनीं वाढतें. आमच्या गाडीचा काळा धूर कोठून आला, हें वाचकभगिनींनीं आतां ओळखलेंच असेल. जेट साफ करावयाचा तो पेट्रोलानें धुऊन आणि हवेचा झोत मारून. फार झालें तर नायलॉनच्या तंतूनें. लोखंडी तार त्याच्या जवळपासही नेऊं नये.

तीर्थरूपांच्या वेळेपासून गाडी पाहणारे एक मिस्त्री आतां पंचाहत्तरीच्या पुढें आहेत. त्यांनीं दुकान केव्हांच मुलाच्या स्वाधीन केलें. त्यांना मुद्दाम बोलावून आणलें. ते आले, आणि झांकण उघडण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. थंड असतांना बंद पडते कीं गरम झाल्यावर? चढावर कीं सपाटीवर? बंद पडल्यावर लगेच सुरू होते कीं थांबावें लागतें? पेट्रोलाचा वास येतो का? जुन्या वैद्यांची नाडीपरीक्षा आम्हीं लहानपणीं पाहिली होती. तिची आठवण झाली. मग म्हणाले, "साहेब, ह्याला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटीं. आधीं ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा, आणि मग हा."

या एका वाक्यांतला क्रम आम्हांस मोलाचा वाटला. ठिणगी आधीं कां? तर मिश्रण कितीही चांगलें असलें तरी ठिणगी अशक्त असली कीं गाडी तसेच आचके देते, आणि माणूस उगीच कार्ब्युरेटर खोलून बसतो. चारही प्लग काढून त्यांनीं ओळीनें फडक्यावर मांडले. प्लगाचें टोंक इंजिनाच्या पोटांतली हकीकत सांगतें. कोरड्या काजळीनें काळें झालें तर पेट्रोल जास्त. पांढुरकें पडलें तर हवा जास्त. आणि थालीपिठाच्या भाजणीसारखा तांबूस-तपकिरी रंग आला तर प्रकृति उत्तम. आमचे चारही प्लग काळे होते. तें तारेच्या कर्तबगारीमुळें, हें उघड होतें. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट घांसून अंतर जुळविलें. ठिणगी निळी आणि जोरकस पडली. पहिला साक्षीदार निर्दोष.

मग पेट्रोल. पंपाकडून येणारी नळी कार्ब्युरेटरपाशीं सोडवून कांचेच्या बाटलींत धरली आणि इंजिन स्टार्टरनें फिरविलें. दर फेऱ्याला पिचकारी यावी तसें पेट्रोल आलें, पंप ठीक. बाटली तासभर स्थिर ठेवली. तळाशीं पाण्याचा थर दिसला नाहीं, पण तांबूस गाळ मात्र बसला. हें काम उघड्यावर, इंजिन थंड असतांना करावें. विडी, उदबत्ती, तुळशीपुढचा दिवा यांपैकीं कांहींही आसपास नसावें. आमच्या घरीं त्या संध्याकाळीं तुळशीपुढचा दिवा तासभर उशिरां लागला.

गाळाची कथा थोडी निराळी आहे. हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. २०२५ पर्यंत हें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोहोंचलें. परदेशीं तेलावरचा खर्च वांचतो आणि उंसाच्या मळीला गिऱ्हाईक मिळतें, हे त्याचे गुण आम्हांस मान्य आहेत. परंतु १९८० सालच्या गाडीला त्याची संवय नाहीं. इथेनॉल पाणी शोषून घेतें, टाकीच्या भिंतींना चिकटलेला जुना राळेसारखा थर सोडवितें आणि जुन्या रबराला मऊ किंवा ठिसूळ करतें. शिवाय त्याला जळण्यास हवा कमी लागते, एका भागास अवघी नऊ भाग. म्हणजे जेट तोच राहिला तर मिश्रणांत हवा गरजेहून थोडी अधिक होते. जुन्या गाड्यांच्या मालकांनीं निदान नळ्या तरी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या, आणि पेट्रोलाची लहान गाळणी वर्षांतून एकदां बदलावी. आमच्या गाडीच्या नळ्या बोटांनीं दाबतांच भेगाळल्या. त्या त्याच दिवशीं बदलल्या.

उन्हाळ्याचें आणखी एक दुखणें कार्ब्युरेटरच्या नांवावर खपतें. खंबाटकीचा घाट चढतांना भर दुपारीं गाडी दमते आणि बंद पडते. पंधरा मिनिटांनीं कांहींच घडलें नाहीं अशी सुरू होते. तेथें दोष असतो उष्णतेचा. नळींत किंवा पंपांत पेट्रोलाची वाफ होते, आणि पंप वाफेला ढकलूं शकत नाहीं. घाटांत ट्रक-ड्रायव्हर पंपावर ओलें फडकें टाकतांना वाचकांनीं पाहिलें असेल. तो उपाय अडाणी नव्हे, शास्त्रशुद्ध आहे. मिस्त्रींनीं "थांबावें लागतें का?" असें विचारलें तें याचसाठीं. आमची गाडी लगेच सुरू होत असे, म्हणून हा संशयित सुटला.

राहिली हवा. आणि खरा चोर तेथेंच सांपडला. मिस्त्रींनीं जुना, पण न घांसलेला जेट आपल्या डब्यांतून काढून बसविला, धूर थांबला. मग इंजिन गरम करून मंद चालूं दिलें. नेहमींप्रमाणें तें आचके देऊं लागलें. चोकची दांडी बोटभर ओढतांच स्थिर झालें. "बघा, ह्याला हवा जास्त होते आहे. पण हवा वरून येत नाहीं. कुठून तरी चोरून येते." वंगणाची लहान कुपी घेऊन त्यांनीं कार्ब्युरेटर जेथें इंजिनावर बसतो त्या सांध्याभोंवतीं दोन-तीन थेंब सोडले. क्षणांत आवाज बदलला. आचके थांबले, आणि मागून निळसर धुराची एक रेघ निघाली. तेल आंत ओढलें गेलें होतें. म्हणजे त्याच फटींतून इतके दिवस हवा ओढली जात होती. गाडी धांवतांना पुष्कळ हवा लागते, तींत या चोरट्या हवेचा पत्ता लागत नाहीं. तांबड्या दिव्यापाशीं इंजिन अगदीं मिताहारी असतें. तेव्हां तेवढीच हवा तें गुदमरावयास पुरते.

कार्ब्युरेटर उतरविला. त्याचें शरीर जस्ताच्या मिश्रधातूचें, ओतीव आणि मऊ. तळाला दोन कान. त्यांतून नट आवळतात. कोणी ताकदीनें आवळले कीं कान खालीं वांकतात आणि मधला भाग कमानीसारखा वर राहतो. मग गॅस्केट कितीही नवें घाला, मध्यें फट राहतेच. म्हणजे मूळची थोडीशी फट गॅरेजांतल्या त्या जोरकस हातानें अधिकच रुंद केली होती. मिस्त्रींनीं विचारलें, "घरांत जाड, सपाट कांच आहे का?" आमच्या लिहिण्याच्या मेजावरची कांच पुढें केली. तिच्यावर बारीक पॉलिश-कागद पसरून, तेलाचे थेंब टाकून, त्यांनीं कार्ब्युरेटरचा तळ गोल गोल फिरवीत घांसावयास सुरुवात केली. प्रथम फक्त कान चकाकले. मधला भाग काळाच. पाऊण तासानें चकाकी सर्वत्र सारखी झाली. मातोश्री ओसरीवर बसून हें पाहत होत्या. "मिस्त्री, चहा निवतोय," त्या म्हणाल्या. "आई, हें अर्धवट टाकलं तर पुन्हां पहिल्यापासून," असें म्हणून त्यांनीं मान वर केली नाहीं.

खोललेलाच आहे तर बाकीचेही अवयव तपासले. फ्लोट कानाशीं हलवून पाहिला. आंत पेट्रोल शिरलें असतें तर खळखळलें असतें. मग गरम पाण्यांत बुडविला. बुडबुडे आले नाहींत. सुईच्या टोंकाला झिजेचें कडें नव्हतें. पिकअपच्या पंपाचा पातळ पडदा मात्र कडेला चिरला होता. हा पंप नीट आहे कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून नळींत डोकवावें आणि ॲक्सिलरेटरची दांडी हातानें झटकन ओढावी, आंत पेट्रोलाची बारीक, अखंड धार उडाली पाहिजे. आमच्या पंपाची धार थुंकल्यासारखी तुटक होती. पडदा बदलला.

शेवटीं स्क्रू. आयडलिंगचे स्क्रू दोन: एक गति ठरवितो, दुसरा मिश्रण. मिश्रणाचा स्क्रू दोन बोटांनीं हळूच शेवटपर्यंत न्यावा. आवळला तर त्याच्या निमुळत्या टोंकावर कडें उमटतें आणि तो कायमचा निकामी होतो. तेथून सुमारें दीड फेरा मागें. मग इंजिन गरम असतांना पाव-पाव फेऱ्यानें फिरवून, आवाज सर्वांत भरीव होईल तेथें थांबावें, आणि गति वाढली असेल तेवढी दुसऱ्या स्क्रूनें उतरवावी. एका वेळीं एकच स्क्रू. मिस्त्री प्रत्येक फेऱ्यानंतर डोळे मिटून ऐकत असत. त्या वेळीं आमच्या शेजाऱ्यांनीं रेडिओ लावला, तेव्हां त्यांनीं इतकें त्रासिक तोंड केलें कीं आम्हांला जाऊन तो बंद करण्याची विनंती करावी लागली.

पंधरा दिवसांनीं तपासणी झाली. धुराचें माप घेतांना इंजिन मंद चालवूनच घेतात, आणि तें तेथें एकदांही बंद पडलें नाहीं. नोंदणी पांच वर्षांनीं वाढली. चिरंजीवांना कळविलें, त्यांनीं "बरं" एवढेंच उत्तर दिलें, पण मग आठ दिवसांनीं आपण होऊन विचारलें, "गाडी आयडलिंगला कशी आहे?"

वाईची फेरी ज्येष्ठांत झाली. खंबाटकी सकाळीं सातच्या आंत चढून गेलों. मातोश्री वाटेंत एकदांच बोलल्या: आवाज तुझ्या वडिलांच्या वेळेसारखा येतो आहे. आतां एक काम उरलें आहे. थ्रॉटलची आडवी कांडी आपल्या छिद्रांत थोडी झिजली असून तेथूनही किंचित हवा येते. तेलाचा थेंब टाकला कीं आवाजांत बारीकसा फरक पडतो. तिला पितळेची बुश घालावी लागेल. मिस्त्रींचे डोळे आतां लेथच्या कामास पुरत नाहींत. त्यांनीं एका कारागिराचा पत्ता दिला आहे, आणि "माझं नांव सांगा, नाहींतर तो नवा टाका म्हणेल," असें बजावून ठेविलें आहे. पावसाळा सरला म्हणजे तिकडे जाणार आहों.